टांझानियाची सफारी आणि झांझिबारचा समुद्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जंगल आणि समुद्र एकाच सुट्टीत बसवू पाहणाऱ्या मराठी कुटुंबांकडून गेल्या काही वर्षांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते येथे क्रमाने घेतले आहेत. नियम आणि शुल्क बदलत राहतात, म्हणून पैसे भरण्यापूर्वी संबंधित सरकारी संकेतस्थळ एकदा स्वतः पाहावे.

१. आफ्रिका एवढी मोठी आहे, मग तुम्ही सगळ्यांना टांझानियाच का सुचवता?

कारण येथे उत्तम जंगल आणि उत्तम समुद्र एकाच देशात आहेत आणि त्यांच्यामध्ये विमानाचा जेमतेम सव्वा तासाचा प्रवास आहे. उत्तरेकडे अरुशा शहराच्या आसपास तारांगिरे, न्गोरोंगोरो आणि सेरेंगेटी ही अभयारण्ये एका ओळीत लागतात, तर पूर्वेला हिंदी महासागरात झांझिबार बेट आहे. दोन्हीकडे एकाच व्हिसावर जाता येते. दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर आणि केप टाउनची जोडीही चांगली आहे, पण तेथील समुद्राचे पाणी इतके गार असते की पोहण्याचा बेत बहुतेकांचा पहिल्याच दिवशी बारगळतो. केनियाचा पर्याय मात्र खरोखर तुल्यबळ आहे. त्याविषयी प्रश्न १६ पाहावा.

२. किती दिवस काढावे लागतील? सहा दिवसांत जमेल का?

सहा दिवसांत जमवता येते, परंतु त्यातले निम्मे दिवस गाडीत आणि विमानतळावर जातात. मुंबई ते मुंबई किमान दहा रात्री धराव्यात. त्यांची वाटणी साधारण अशी: अरुशात एक, तारांगिरेजवळ एक, सेरेंगेटीत तीन, न्गोरोंगोरोच्या काठावर एक आणि झांझिबारला चार. दिवस कमी असतील तर सेरेंगेटीच्या रात्री कमी करू नका, एखादे अभयारण्य सरळ गाळा. आपल्याकडे सहलीत "एवढ्या लांब आलोच आहोत तर हेही पाहून घेऊ" ही वृत्ती असते आणि सफारीचा सर्वाधिक विचका तिनेच होतो. एकाच ठिकाणी तिसऱ्या सकाळी गेल्यावर चालकाला सिंहांचा कळप कुठे बसला आहे हे माहीत असते. रोज नव्या ठिकाणी जाणाऱ्याचा शोध मात्र रोज शून्यापासून सुरू होतो.

३. मुलांच्या शाळेची मे महिन्याची सुट्टी चालेल ना?

हा सर्वाधिक येणारा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर निराश करणारे आहे. मार्च ते मे या काळात टांझानियात मोठा पाऊस असतो. तेथे त्याला मसिका म्हणतात. एप्रिल आणि मेच्या पूर्वार्धात रस्ते चिखलाने भरतात, गवत पुरुषभर उंच वाढते, प्राणी विखुरतात आणि झांझिबारमधील काही हॉटेले डागडुजीसाठी बंदच ठेवली जातात. दर खूप उतरलेले असल्याने या दिवसांतील जाहिराती आकर्षक वाटतात, एवढेच.

त्यावर उपाय असा की सुट्टीचे शेवटचे टोक पकडावे. महाराष्ट्रात राज्य मंडळाच्या शाळा साधारण जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात त्याहून थोड्या उशिरा. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तेथे कोरडा हंगाम नुकताच सुरू झालेला असतो, धूळ अजून उडू लागलेली नसते, जुलै-ऑगस्टची गर्दी आणि तिचे दर अजून आलेले नसतात आणि विल्डबीस्ट या बैलासारख्या दिसणाऱ्या गवतखाऊ प्राण्यांचे कळप सेरेंगेटीच्या पश्चिम भागात असतात. शाळा बुडवायची नसेल तर याहून चांगला काळ मला ठाऊक नाही.

दिवाळीच्या सुट्टीचे गणित दिवाळी कधी आहे यावर अवलंबून असते. ती ऑक्टोबरच्या अखेरीस आली तर हवा बहुधा चांगली मिळते. नोव्हेंबरच्या मध्याकडे सरकली तर वुली नावाचा छोटा पाऊस सुरू झालेला असतो, जो दुपारी येतो, तासाभराने थांबतो आणि सहल बिघडवत नाही. नाताळात हवामान बरे असते, पण दर सर्वांत चढे. ज्यांना शाळेचे बंधन नाही त्यांनी फेब्रुवारी किंवा सप्टेंबर निवडावा. या दोहोंतील फरक पुढच्या उत्तरात आहे.

४. ते प्रसिद्ध स्थलांतर नेमके कधी आणि कुठे दिसते?

स्थलांतर म्हणजे एका ठरावीक तारखेला होणारा कार्यक्रम आहे, हा गैरसमज आधी दूर करायला हवा. दहा लाखांहून अधिक विल्डबीस्ट आणि त्यांच्यासोबत लाखोंच्या संख्येने झेब्रे व हरणे पावसामागोमाग, म्हणजे ओल्या गवतामागोमाग, वर्षभर एका मोठ्या वर्तुळात फिरत असतात. त्यामुळे "कधी दिसते" यापेक्षा "त्या महिन्यात कुठे दिसते" हा प्रश्न योग्य ठरतो.

जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत कळप दक्षिणेला न्डुटूच्या आखूड गवताच्या मैदानांवर असतात. आसपासच्या ज्वालामुखींच्या राखेमुळे तेथील गवत खनिजांनी समृद्ध झाले आहे आणि माद्या नेमक्या तेथेच वितात. दोन-तीन आठवड्यांत लाखो पिल्ले जन्मतात. जन्मलेले पिल्लू काही मिनिटांतच पायांवर उभे राहते, कारण तरस आणि चित्ते जवळच असतात. मे-जूनमध्ये कळप पश्चिमेकडे ग्रुमेटी नदीजवळ येतात. जुलै ते ऑक्टोबर ते उत्तरेला मारा नदीच्या आसपास असतात आणि मगरींनी भरलेली नदी ओलांडण्याची ती दृश्ये याच काळातली. नोव्हेंबर-डिसेंबरात परतीचा प्रवास.

व्यवहारात याचा अर्थ असा, की सेरेंगेटी १४,७६३ चौरस किलोमीटरची आहे आणि चुकीच्या टोकाला मुक्काम केल्यास कळप दीडशे किलोमीटर लांब राहतात. फेब्रुवारीत न्डुटू, सप्टेंबरात उत्तरेकडील कोगाटेंडे आणि इतर वेळी मध्यवर्ती सेरोनेरा हे सूत्र लक्षात ठेवावे. सेरोनेरात नद्यांना बारमाही पाणी असल्यामुळे सिंह आणि बिबटे वर्षभर दिसतात. नदी ओलांडण्याचे दृश्य मात्र कोणीही हमीपूर्वक दाखवू शकत नाही. कळप काठावर चार तास उभा राहतो आणि शेवटी माघारी वळतो, असेही घडते. हमी देणाऱ्या एजंटापासून दूर राहावे.

५. आधी जंगल की आधी समुद्र?

आधी जंगल. सफारीत पहाटे पाचला उठणे, दिवसभर धूळ आणि खडबडीत रस्ते असतात. त्यानंतर समुद्राची विश्रांती शरीराला हवीच असते. उलट क्रम घेणारे लोक किनाऱ्यावर सैलावतात आणि नंतर गजर लावताना कुरकुरतात. आणखी एक फायदा असा की सेरेंगेटी सहलीच्या शेवटी ठेवल्यास तेथील धावपट्टीवरून छोट्या विमानाने थेट झांझिबार गाठता येते आणि अरुशापर्यंतचा सुमारे तीनशे किलोमीटरचा, सात-आठ तासांचा परतीचा रस्ता वाचतो. स्कूबा डायव्हिंग करणाऱ्यांसाठी हा क्रम सुरक्षिततेचाही आहे. प्रश्न १७ पाहावा.

६. मुंबईहून कसे जायचे?

सफारीसाठी उतरण्याचा विमानतळ किलिमांजारो आंतरराष्ट्रीय विमानतळ होय; तो अरुशापासून तासाभराच्या अंतरावर आहे. मुंबईहून नैरोबी, अदिस अबाबा किंवा दोहा येथे विमान बदलून तेथे पोहोचता येते. एअर टांझानियाने २०१९ मध्ये मुंबई ते दार एस सलाम थेट सेवा सुरू केली. मुंबई-नैरोबी थेट उड्डाण सुमारे सहा तासांचे आहे. जाताना किलिमांजारो आणि येताना झांझिबार असे दोन वेगळ्या शहरांचे तिकीट एकाच आरक्षणात काढावे, म्हणजे मागे फिरावे लागत नाही. नैरोबीहून रस्त्याने नमांगा सीमेमार्गे अरुशाला येणे स्वस्त पडते, पण त्यासाठी केनियाची वेगळी परवानगी लागते आणि पाच-सहा तास जातात.

७. व्हिसा आणि विम्याचे काय?

भारतीय पासपोर्टधारकांना टांझानियाचा ई-व्हिसा मिळतो. एकेरी प्रवेशाच्या साध्या पर्यटक व्हिसाचे शुल्क ५० अमेरिकन डॉलर आहे. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. अर्ज केवळ सरकारी संकेतस्थळावरच करावा, कारण त्याच्यासारखी दिसणारी आणि दुप्पट पैसे घेणारी खासगी संकेतस्थळे बरीच आहेत.

झांझिबारसाठी वेगळा व्हिसा लागत नाही, परंतु १ ऑक्टोबर २०२४ पासून तेथे जाणाऱ्या परदेशी पर्यटकांना तेथील सरकारी विमा घेणे सक्तीचे झाले आहे. प्रौढांसाठी त्याचा हप्ता ४४ डॉलर आहे. भारतातून काढलेला प्रवासविमा तुमच्याजवळ असला तरी हा चुकत नाही. म्हणून भारतातील विमा काढू नये, असा मात्र याचा अर्थ नव्हे: सेरेंगेटीत कोणी आजारी पडले तर रुग्णाला विमानाने नैरोबी किंवा दार एस सलामला न्यावे लागते, आणि हवाई रुग्णवाहिकेचा खर्च ज्यात समाविष्ट आहे असाच विमा घ्यावा.

८. पिवळ्या तापाची लस घ्यावीच लागते का? कोणी हो म्हणते, कोणी नाही.

दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात, म्हणून गोंधळ होतो. भारतातून थेट टांझानियाला जाणाऱ्याकडे टांझानिया हे प्रमाणपत्र मागत नाही. पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशातून आलेल्या किंवा तेथील विमानतळावर बारा तासांहून अधिक थांबलेल्या प्रवाशाकडे मागतो. केनिया आणि इथिओपिया हे दोन्ही देश त्या यादीत आहेत आणि बहुतेक विमाने तेथूनच जातात.

खरा प्रश्न परतीचा आहे. आपल्याकडे पिवळा ताप नाही, पण तो पसरवणारा एडिस डास भरपूर आहे, त्यामुळे भारताचे नियम कडक आहेत. यादीतील देशातून प्रमाणपत्राविना आलेल्या प्रवाशाला मुंबई विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. केवळ विमान बदलण्यासाठी थांबलेल्यांना सवलतीची तरतूद असली तरी रात्री दोन वाजता, झोपाळलेली मुले खांद्यावर घेऊन, आरोग्य अधिकाऱ्याला ती समजावून देण्याची वेळ स्वतःवर आणू नये. केनियात पाऊल ठेवणार असाल तर प्रश्नच उरत नाही. लस घ्यावी, हा माझा सरसकट सल्ला आहे.

ही लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर ठरावीक दिवशी आणि नोंदणीनेच मिळते, त्यामुळे दीड-दोन महिने आधी हालचाल करावी. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरले जाते आणि २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी वैध आहे. त्यावर पासपोर्ट क्रमांक असतो, म्हणून पासपोर्टचे नूतनीकरण झाले असेल तर जुना पासपोर्टही सोबत ठेवावा. नऊ महिन्यांखालील बाळांना ही लस देत नाहीत. ती कोंबडीच्या अंड्यात तयार होत असल्याने अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांना आणि प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णांनाही ती चालत नाही. साठीनंतर प्रथमच घेणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. ज्यांना वैद्यकीय कारणाने लस देता येत नाही त्यांनी तसे अधिकृत सूट-प्रमाणपत्र घ्यावे आणि केनिया-इथिओपिया टाळणारा विमानमार्ग निवडावा.

९. मलेरियाच्या गोळ्या खरोखर आवश्यक आहेत का? आपल्याकडेही मलेरिया असतोच की.

आवश्यक आहेत. तेथे प्रामुख्याने फाल्सिपेरम जातीचा मलेरिया आहे. तो वेगाने मेंदू आणि मूत्रपिंडांवर घाला घालतो आणि आपण भारतात वाढलो म्हणून त्यापासून संरक्षण मिळत नाही. जुनी क्लोरोक्विन गोळी त्यावर चालत नाही. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल किंवा डॉक्सिसायक्लिन यांपैकी काय घ्यायचे हे डॉक्टर ठरवतील. पहिली गोळी परतल्यावर सात दिवस आणि दुसरी चार आठवडे चालू ठेवायची असते. घरी आल्यावर ती सोडून देणारेच अडचणीत येतात. परतल्यानंतर काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिले वाक्य "मी आफ्रिकेला जाऊन आलो आहे" हेच सांगावे.

१०. आम्ही ताडोबाला अनेकदा गेलो आहोत. टांझानियातील सफारी त्यापेक्षा वेगळी कशी?

सफारी हा स्वाहिली शब्द असून त्याचा अर्थ साधा प्रवास. आपल्या "सफर"चा तो सख्खा भाऊ आहे. ताडोबात आपण प्रवेशद्वार, वेळ आणि जिप्सी ठरवून तीन-चार तासांची फेरी करतो. टांझानियात पहिल्या दिवशी विमानतळावर भेटलेला चालक आणि त्याची लँड क्रूझर शेवटच्या दिवसापर्यंत तुमचीच असते. चालकच वाटाड्या असतो. गाडीला खिडक्या आणि वर उचलले जाणारे छत असते, त्यामुळे उभे राहून पाहता येते. जेवणाचा डबा बरोबर घेऊन सकाळी सहापासून सूर्यास्तापर्यंत जंगलात राहता येते. दाट बांबूऐवजी क्षितिजापर्यंत मोकळे मैदान असल्याने प्राणी दिसेल का, ही हुरहुर तेथे नसते. कोणत्या प्राण्यापाशी किती वेळ थांबायचे, एवढेच ठरवायचे असते. माझ्या मते थांबावे. झोपलेल्या सिंहिणीजवळून वीस गाड्या फोटो काढून निघून जातात आणि एकविसावी गाडी अर्धा तास थांबते, तिलाच शिकार दिसते.

बंधने ताडोबासारखीच आहेत. ठरवलेल्या जागांखेरीज गाडीतून उतरता येत नाही, आवाज करायचा नाही, खायला घालायचे नाही. सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानात रस्ता सोडून गाडी नेण्यास मनाई आहे. न्डुटूचा बराचसा भाग न्गोरोंगोरो संरक्षण क्षेत्रात येत असल्याने तेथे नियम थोडे सैल आहेत. विनापरवाना ड्रोन नेऊ नये.

न्गोरोंगोरोचे विवर सुमारे सहाशे मीटर खोल आहे आणि त्याच्या २६० चौरस किलोमीटरच्या तळात सिंह, हत्ती, रानम्हशी आणि दुर्मीळ काळे गेंडे आहेत. जिराफ मात्र नाहीत, कारण ते उभे कडे त्यांना उतरवत नाहीत. तळातील तळ्याकाठी जेवणाची जागा आहे. तेथे मी गाडीबाहेर उभा राहून चपातीचा घास तोंडाकडे नेत होतो, तेवढ्यात मागून कानाजवळ पंखांचा वारा लागला आणि हातात फक्त चिमटीएवढा तुकडा उरला. घारीने उरलेली चपाती नेली होती आणि बोटावर नखाचा बारीक ओरखडा होता. चालक हसत म्हणाला की म्हणूनच तो आत बसून जेवतो. आत बसूनच जेवावे.

११. सामान किती आणि कसे न्यावे?

जंगलातील छोट्या विमानांत हातातील पिशवी धरून प्रत्येकी १५ किलो हा सर्वसाधारण नियम आहे आणि बॅग मऊ कापडी हवी, कारण ती विमानाच्या पोटातील लहान कप्प्यात दाबून बसवतात. पहिल्या खेपेस मी चाकांची टणक बॅग नेली होती. धावपट्टीवरच्या काट्यावर ती १९ किलो भरली आणि दिवाळीच्या फराळाचा डबा चालकाच्या स्वाधीन करावा लागला. त्याच्या मुलांना चकली आवडली, असे नंतर कळले.

टांझानियात १ जून २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. महाराष्ट्रात २०१८ मध्ये अशी बंदी आली तेव्हा आपण तिच्याकडे फारसे गांभीर्याने पाहिले नाही, पण तेथे विमानतळावर पिशव्या काढून घेतात. ठेपले, चिवडा कापडी पिशवीत किंवा डब्यात न्यावा. कपडे मातकट, खाकी किंवा फिके हिरवे असावेत. गडद निळा आणि काळा रंग त्सेत्से माशांना आकर्षित करतो, आणि तारांगिरेत त्या माशा कपड्यांवरूनही चावतात. लष्करी छापाचे कपडे मुळीच नेऊ नयेत, ते तेथे कायद्याने निषिद्ध आहेत. विवराचा काठ सुमारे २,३०० मीटर उंचीवर असून जून ते ऑगस्ट तेथील रात्री महाबळेश्वरच्या जानेवारीपेक्षाही गार असतात; स्वेटर आणि कानटोपी हवीच. विजेचे खाचे चौकोनी तीन पिनांचे, ब्रिटिश पद्धतीचे आहेत आणि आपले प्लग त्यांत बसत नाहीत.

१२. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. उपाशी तर राहणार नाही ना?

नाही. पूर्व आफ्रिकेत गुजराती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत असल्याने चपाती, सांबुसा, कचुंबरी आणि चहा हे शब्दांसकट तेथील खाण्यात मुरले आहेत. नारळाच्या दुधात शिजवलेली तूर, म्हणजे तेथील म्बाझी, कोकणी माणसाला आपलीच वाटते. म्चिचा ही पालेभाजी म्हणजे आपला माठ. राजम्यासारखी महारागे आणि नारळी भात सगळीकडे मिळतो. अडचण येते ती रस्सा मटणाच्या पाण्यात केला असल्यास किंवा दुपारच्या डब्यात न विचारता कोंबडी ठेवल्यास. म्हणून आरक्षणाच्या वेळी लेखी कळवावे आणि "शाकाहारी" एवढेच न लिहिता मांस, मासे, अंडी चालत नाहीत असे स्वतंत्रपणे नोंदवावे. जैन आहाराची कल्पना लॉजच्या आचाऱ्यांना बहुधा नसते. कांदा, लसूण, बटाटा अशी यादीच द्यावी.

१३. झांझिबारमध्ये कोणता किनारा निवडावा?

हा निर्णय भरती-ओहोटी पाहून घ्यावा, हॉटेलच्या छायाचित्रांवरून नव्हे. छायाचित्रे भरतीच्या वेळी काढलेली असतात. पूर्व किनाऱ्यावर पाजे, जांबियानी, मतेम्वे येथे किनारा अतिशय उथळ असल्याने ओहोटीला पाणी प्रवाळाच्या कड्यापर्यंत, काही ठिकाणी किलोमीटरभर मागे जाते. सकाळी खोलीबाहेर पाहावे तर समुद्राऐवजी ओल्या वाळूचे मैदान, त्यात रांगेने रोवलेल्या काटक्या आणि त्यांच्यात ताणलेल्या दोऱ्यांवरचे समुद्रशेवाळ. रंगीत कांगा कमरेला गुंडाळलेल्या बायका गुडघाभर पाण्यात वाकून ते खुडत असतात. हे दृश्य मला पोहण्यापेक्षा अधिक आवडते, पण पोहण्यासाठीच गेलेल्याचा त्यामुळे विरस होतो. दिवसभर पोहायचे असेल तर बेटाच्या उत्तर टोकाला नुंगवी किंवा केंडवा निवडावे. तेथे तळ लवकर खोल होत असल्याने ओहोटीतही पाणी राहते. गर्दी आणि गाणीबजावणी मात्र तेथेच अधिक.

कोकणातल्या माणसाला वेगळे सांगायला नको की अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सर्वाधिक चढते-उतरते आणि अष्टमीच्या सुमारास भांगाच्या भरतीला फरक कमी असतो. पूर्व किनारा घ्यायचा असेल तर तिथी पाहून जावे. कालनिर्णयाचा असा उपयोग परदेशातही होतो. ओहोटीत चालताना पायात रबरी बूट हवेत, कारण वाळूत समुद्री साळी, म्हणजे काटेरी गोळे, असतात.

१४. स्टोन टाउनला थांबावे का? कपड्यांबाबत काही नियम आहेत का?

एक रात्र अवश्य थांबावे. २००० पासून जागतिक वारसा यादीत असलेले हे जुने शहर ओमानी, भारतीय आणि आफ्रिकी कारागिरीच्या मिश्रणातून उभे आहे. पितळी गोखरू ठोकलेले दरवाजे हे भारतीय वळणाचे समजले जातात. डिसेंबर ते मार्चच्या ईशान्य वाऱ्यावर, ज्याला तेथे कास्काझी म्हणतात, कच्छ आणि अरबस्तानातून शिडाची जहाजे येत आणि वारा उलटल्यावर परत जात. १८७३ मध्ये बंद पडलेल्या गुलामांच्या बाजाराची जागाही येथेच आहे. मुलांना ती दाखवावी, पण आधी थोडे समजावून सांगावे. क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचे गायक फ्रेडी मर्क्युरी यांचा जन्म १९४६ मध्ये याच गावात एका पारशी कुटुंबात झाला आणि त्यांचे शालेय शिक्षण आपल्या पाचगणीत झाले, हे ऐकून मराठी पर्यटक हमखास चकित होतात.

समाज बहुतांशी मुस्लिम आहे. पोहण्याचा पोशाख किनाऱ्यापुरता ठेवून गावात खांदे व गुडघे झाकावेत. फेब्रुवारीत जाणाऱ्यांनी रमजानची तारीख तपासावी. तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि २०२७ मध्ये फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होईल. हॉटेलात खाणे मिळते, परंतु गावातील बरीच उपाहारगृहे दिवसा बंद असतात आणि उघड्यावर खाणे-पिणे अशिष्ट मानले जाते.

१५. आईवडील सत्तरीचे आहेत, मुलगी चार वर्षांची आहे. आणि एकूण खर्च किती?

ज्येष्ठांची अडचण वयापेक्षा कंबर आणि स्वच्छतागृहांची असते. रस्त्यांचे हादरे दिवसभर बसतात, म्हणून पाठीचे दुखणे असलेल्यांना सेरेंगेटीला विमानाने न्यावे आणि मागच्या आसनांवर बसवू नये. चार वर्षांच्या मुलीला गाडीत बसता येते, परंतु काही तंबूवजा निवासांत, पायी सफारीत आणि गरम हवेच्या फुग्यात वयाची अट असते; कुंपण नसलेल्या निवासांत रात्री तंबूबाहेर पडता येत नाही, हेही विचारात घ्यावे.

खर्चातील मोठा वाटा अभयारण्यांच्या शुल्काचा असतो आणि त्यात घासाघीस चालत नाही. सेरेंगेटीचे शुल्क परदेशी प्रौढाला हंगामात दिवसाला सुमारे ७० डॉलर आणि वर १८ टक्के कर. न्गोरोंगोरोच्या विवरात उतरण्यासाठी प्रत्येक गाडीला २५० डॉलर आणि कर. मध्यम दर्जाच्या निवासासह स्वतंत्र गाडी घेतल्यास माणशी दिवसाला ढोबळमानाने ३०० ते ४५० डॉलर धरावेत. गाडी, इंधन आणि चालक यांचा खर्च वाटला जात असल्याने चौघे मिळून गेल्यास तो बराच उतरतो. सहांहून अधिक जण मात्र एका गाडीत नकोत, कारण प्रत्येकाला खिडकी मिळायला हवी. चालकाला गाडीमागे दिवसाला २० ते ३० डॉलर बक्षिसी देण्याचा प्रघात आहे. २००६ पूर्वी छापलेल्या डॉलरच्या नोटा तेथे बहुधा कोणी घेत नाही. भारतातील सहल कंपनीला पैसे भरताना टीसीएस, म्हणजे आगाऊ गोळा केला जाणारा कर, घेतला जातो. तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो.

१६. नकाशावर केनियातील मसाई मारा अभयारण्य आणि सेरेंगेटी अगदी लागून आहेत. दोन्ही एकदम का करू नयेत?

प्राणी बिनदिक्कत ये-जा करतात, पर्यटकांना ती मुभा नाही. मारातून इसेबानिया सीमेपर्यंत वळसा घालून, गाडी आणि चालक बदलून सेरेंगेटीत शिरण्यात जवळजवळ पूर्ण दिवस जातो. पूर्व आफ्रिकेचा संयुक्त पर्यटक व्हिसा केनिया, युगांडा आणि रवांडापुरता आहे, टांझानिया त्यात नाही. आणि टांझानियाचा व्हिसा एकेरी असल्याने केनियात जाऊन परत येण्याचा बेत फसू शकतो. यापेक्षा एकच देश निवडावा. केनिया निवडल्यास मारा आणि मोंबासाजवळचा डियानी किनारा ही जोडी उत्तम आहे. मात्र २०२४ पासून माराचे शुल्क जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर आणि इतर महिन्यांत १०० डॉलर झाले आहे. नैरोबी-मोंबासा रेल्वेने त्सावोच्या जंगलातून पाच-सहा तासांत किनारा गाठता येतो. त्या मार्गालगतची मूळ रेल्वे १८९६ ते १९०१ या काळात हजारो भारतीय मजुरांनी बांधली.

१७. झांझिबारला स्कूबा डायव्हिंग करून दुसऱ्या दिवशी विमानाने निघता येईल का?

शेवटच्या डायव्हनंतर किमान १८ तास, शक्यतो २४ तास, विमानप्रवास टाळावा. रक्तात विरघळलेला नायट्रोजन कमी दाबात बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू शकतो. छोट्या विमानांनाही हाच नियम लागू आहे, आणि समुद्रानंतर न्गोरोंगोरोच्या उंचीवर जाणाऱ्यांनीही तो पाळावा. नुसत्या स्नॉर्केलिंगला हे बंधन नाही.

१८. चालक सकाळी "बाराला निघू" म्हणाला. एवढ्या उशिरा सफारी कशी?

तो सहाचीच वेळ सांगत होता. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, जशा आपल्याकडे पूर्वी घटका मोजत. म्हणून सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक आणि सकाळचे सहा म्हणजे बारा. इंग्रजीत बोलताना बहुतेक चालक आपल्या पद्धतीची वेळ सांगतात, पण गडबडीत गल्लत होते. रात्री झोपण्यापूर्वी घड्याळाचा काटा बोटाने दाखवून खात्री करावी. शिवाय ते घड्याळ आधी अडीच तास मागे केलेले असावे.